शेजारच्या सीटचा ब्रेक

ताईनं आणलेल्या गाडीला दोनच सीट आहेत हे कळल्यावर घरात कुणी वेग विचारला नाही की रंग विचारला नाही. धाकट्या भावानं पहिला प्रश्न टाकला तो हा, "मग तुझ्या शेजारी बसणार कोण?"

या घरातली भांडणं आजवर जागेवरूनच झाली होती. आई असताना ऑफिस वाढवायचं की स्वयंपाकघर, यावरून अप्पा आणि ती महिनाभर एकमेकांशी पोरांमार्फत बोलत होते. शेवटी दोन्ही वाढलं नाही आणि दोघंही खूश राहिले. आता पुढच्या पिढीला भांडायला एक सीट पुरत होती.

रविवारच्या जेवणाला सगळे जमले ते गाडी बघायला. ती अंगणात उभी होती. अंगण म्हणजे तरी काय, पुढे ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस, मागे घर आणि मधल्या फरशीवर गाडी मागे घ्यायला शिकवण्यासाठी मारलेल्या पांढऱ्या रेघा. त्या रेघांमध्ये ताईनं गाडी इतकी नेमकी लावली होती की नव्या बॅचला दाखवावी. गडद हिरवी, बुटकी, कापडी छताची. वय झालेलं दिसत होतं, पण लपत नव्हतं म्हणून शोभत होतं.

पन्नाशी ओलांडलेल्या ताईची, स्वतःच्या हौसेनं घेतलेली ही पहिली गाडी. अर्ध्या गावाला तिनं शिकवलं होतं. ती फूटपाथवरून चालताना दिसली तरी गाडीतले लोक कमरेचा पट्टा चाचपून बघायचे.

"बघून घेतलीस ना नीट?" अप्पांनी विचारलं. स्कूल त्यांनी काढलेलं. आता पाठ वाकली होती, पण गाडीभोवती फिरताना हात मागे बांधून परीक्षकाच्या थाटात फिरत होते.

"आणायच्या आधी एकदा सकाळी न कळवता गेले. आधी बॉनेटला हात लावला, थंडगार होतं. म्हणजे गरम करून ठेवलेली नव्हती. पहिल्या फटक्यात सुरू झाली. धूर नाही. ऑइल बघितलं, खाली झोपून बॅटरी मारून गंज बघितला. टायरची नक्षी चांगली होती, पण रबर म्हातारं झालेलं, म्हणून चारही बदलायला लावले."

"आणि ते दातांचे डॉक्टर इतकी चांगली गाडी विकतायत कशाला?"

"गुडघे. आत बसता येतं, बाहेर निघता येत नाही. शेवटच्या वेळी म्हणे हॉर्न वाजवून बायकोला बोलावलं." ताई हसली. "आठवडाभर चालवून बघा म्हणाले, नाही पटली तर परत आणा. आज संध्याकाळी त्यांना सांगायचंय."

"आज!" धाकट्याच्या बायकोनं मान हलवली. तिचं औषधांचं दुकान होतं आणि मत मागितलं नाही तरी ती द्यायची, म्हणून घरात तिला सगळे डोस म्हणत. तीही त्या नावाला ओ द्यायची. "मी स्पष्ट सांगते ताई, हे काही वय नाही. डॉक्टरांचे गुडघे गेले ते काय उगीच?"

"डॉक्टर पंचाहत्तरीचे आहेत."

"मग तुम्हाला सवड आहे थोडी."

ताईचे यजमान, म्हणजे चष्मेवाले, कोपऱ्यात उभे राहून हसू दाबत होते. बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि घरात त्यांचा पक्ष नेहमी बायकोचा असायचा. आज मात्र ते खाली बघत होते. आठवडाभर शेजारच्या सीटवर तेच बसले होते.

आणि मग अप्पा ऑफिसात गेले आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले.

काय आहे ते सगळ्यांना न उघडताच कळलं. या घरात आलेल्या प्रत्येक गाडीला शेजारच्या सीटखाली दुसरे पेडल बसत. एक ब्रेकचं, एक क्लचचं. स्कूलच्या गाड्यांना तर बसतच, पण ताईच्या लग्नानंतर चष्मेवाल्यांनी हौसेनं घेतलेल्या गाडीलाही अप्पांनी आठवड्याच्या आत पेडल बसवले होते आणि बिचाऱ्यांनी ते आशीर्वाद समजून घेतले होते. पेडल अप्पा स्वतः बसवायचे. त्याशिवाय ते कुणाच्या शेजारी बसत नसत.

टॉवेल उघडला. आतले पेडल जुने होते, घासूनपुसून चकचकीत केलेले.

"आपल्या पहिल्या गाडीचे," अप्पा म्हणाले. "गाडी भंगारात दिली तेव्हा काढून ठेवले होते. म्हटलं, चांगल्या गाडीला लावू."

"वा!" धाकटा एकदम खुलला. स्कूलचा सगळा कारभार तोच बघायचा. "पेडल बसले की दारावर आपली पाटी लावू. हौशी लोकांची वेगळी बॅच काढू. लोक रांग लावतील, ताई!"

"मलाही वाटतं, बसवून टाकावेत," चष्मेवाले हळूच म्हणाले.

ताईनं नवऱ्याकडे बघितलं. "तुम्हीपण?"

"तू वळतेस तेव्हा ना," ते म्हणाले, "मला काहीतरी करावंसं वाटतं गं."

अप्पांच्या हातातून ताईनं पेडल घेतले, त्यांचं वजन जोखल्यासारखं केलं आणि बॉनेटवर ठेवले. मग लगेच उचलून पायरीवर ठेवले. बॉनेटवर ओरखडा उठला असता.

*

पहिली फेरी धाकट्याला मिळाली, कारण चर्चा चालू असतानाच तो दार उघडून आत बसला होता.

त्याला वाटलं होतं, मजा येईल. पण सीट इतकी खाली होती की रस्ता एकदम अंगावर आल्यासारखा वाटला, शेजारून गेलेल्या ट्रकची चाकं त्याच्या कानाच्या उंचीला होती. ताई आरामात चालवत होती. कोपर दारावर, चेहऱ्यावर एक वेगळंच समाधान. बहिणीचा हा चेहरा आपण कधी बघितलाय, हे त्याला आठवेना. तो आठवत असतानाच पुढे सायकलवाला आला आणि धाकट्याचा उजवा पाय आपोआप खाली गेला.

पच्.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"काही नाही. ब्रेक दाबला."

"नाहीये तिथे ब्रेक."

"कळलं."

पाण्याच्या टाकीच्या वळणावर पाय पुन्हा गेला. पच्. सिग्नलजवळ पुन्हा. पच्. चौथ्या वेळी त्यानं वाकून खाली हात लावला. गालिचा वरून कोरडा वाटत होता, पण दाबला की पाणी वर येत होतं. त्याच्या नव्या बुटात ते शिरलंही होतं.

"ताई," तो म्हणाला, "तुझ्या गाडीत तळं आहे."

ताईनं गाडी कडेला घेतली, वाकली, गालिचा दाबला आणि बोटं तशीच ओली धरून बसून राहिली. तिच्या डोळ्यासमोर तो सकाळचा सगळा तपास आला. इंजिन बघितलं, तळ बघितला, छत उघडझाप करून बघितलं, ड्रायव्हरच्या बाजूचा गालिचासुद्धा उचलला. आयुष्यभर ज्या बाजूला बसून शिकवलं, नेमकी तीच बाजू बघायची राहिली. त्या सीटवर आता आपल्याला बसायचंच नाही, या आनंदात ती तिकडे फिरकलीच नव्हती.

*

गाडी परत आली ती निमूट. धाकट्याचा एक बूट मात्र चपचपत होता.

"परत कर," उतरता उतरता तो म्हणाला. "आजचा दिवस आहे तुझ्या हातात. डॉक्टरांनी फसवलंय. तळ सडला असेल आतून."

"आत्ता तर पाटी लावत होतात दाराला," डोस म्हणाली.

"तेव्हा पाणी नव्हतं!"

"थोडं पाणी आलं म्हणून लगेच परत? तुम्हाला वर्षातून चारदा सर्दी होते. मी केलंय का परत तुम्हाला तुमच्या घरी?"

"हे माझंच घर आहे."

"म्हणून वाचलात."

डोस गाडीच्या विरुद्ध होती हे तिला स्वतःलाच आठवत नव्हतं. नवऱ्याचा तो कारभारी सूर लागला की ती समोरच्या बाजूला जाऊन उभी राहायची, तिथे जे असेल ते तिचं. शिवाय ताईचा पडलेला चेहरा तिला बघवेना. ताई इतरांच्या चुका वर्षानुवर्षं हसतमुखानं सोसत आली होती आणि स्वतःच्या पहिल्याच चुकीत पार खचून उभी होती, याचं डोसला मनापासून वाईट वाटलं.

"पण पाणी आलं कुठून?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "पाऊस तर नाहीये."

"मी धुते," ताई म्हणाली.

"किती वेळा?"

"रोज." मग आणखी हळू आवाजात, "पाइप लावून. छतावरूनसुद्धा."

मग अप्पा हसायला लागले, आणि ते हसले म्हणून सगळेच हसले. स्कूलच्या गाड्या महिनोन् महिने धुळीत असायच्या. त्यांना कुणी पाणी दाखवत नसे. लाडानं गाडी बुडवण्याची बुद्धी या घरात पहिल्यांदाच कुणाला झाली होती.

"छताचं पाणी उतरायला वाट असते," अप्पा म्हणाले. "सीटच्या मागे, कोपऱ्यात बघ. भोकं असतील."

होती. एकेका कोपऱ्यात एक, आणि शेजारच्या सीटमागचं झाडाच्या पानांच्या काळ्या चिखलानं गच्च. डॉक्टरांची गाडी झाडाखाली उभी असायची. पाणी बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून ते सीटखालून पुढे येऊन गालिच्याखाली बसलं होतं.

जेवणं राहिली बाजूला. चष्मेवाले घरात जाऊन दुरुस्तीची पेटी घेऊन आले. अर्ध्या फ्रेमच्या चष्म्यात काच धरायला जी नायलॉनची तार असते, तिचे बरेच पदर त्यांनी पीळ देऊन एक केले आणि ती भोकात अशी हलक्या हातानं सारली की जणू आत कुणाचा डोळा आहे. डोसनं दुकानातून मोठी सिरिंज मागवायच्या ऐवजी स्वतःच जाऊन आणली आणि कोमट पाणी मारायला सुरुवात केली. धाकटा एका पायात बूट घालून गाडीखाली डोकावत बसला. पाणी बाहेर पडतंय का, हे सांगण्याचं काम त्याला दिलं होतं.

"नाही... नाही... थेंब... अरे, आलं! आलं! धो धो येतंय!" तो ओरडला. इतका आनंद त्याला झालेला बघून डोसनं सिरिंजचा उरलेला फवारा त्याच्या डोक्यावर मारला.

ताईनं शेजारची सीट सोडवून बाजूला घेतली, गालिचा काढला आणि भिंतीवर उन्हात वाळत टाकला. खाली उघडा पत्रा दिसला. सगळ्यांनी माना आत घातल्या. फडक्यानं पुसल्यावर तो स्वच्छ निघाला, कारखान्यातून आला तसा हिरव्या रंगाचा, कुठे पोपडा नाही, गंजाचा ठिपका नाही.

"सडलाय म्हणे," डोस म्हणाली.

"मी शक्यता सांगितली होती," धाकटा म्हणाला. मग त्याच दमात, "पण आता गालिचा निघालाच आहे तर बरंच झालं. अप्पा, भोकं आत्ताच पाडून घ्या. पेडल बसवूनच टाकू."

म्हणजे तो पुन्हा गाडीच्या बाजूला आला होता. अप्पा तर ड्रिल घेऊन आलेच होते. सीट परत बसवून झाली होती. दाराशी गुडघे टेकून त्यांनी पत्र्यावर बोट फिरवलं, खडूनं जागेवर खूण केली.

"अप्पा, नको," ताई म्हणाली.

*

अप्पांना वाटलं, जागा चुकली. त्यांनी खूण पुसून थोडी पुढे केली.

"तिथेही नको. कुठेच नको."

ताईचा आवाज चढलेला नव्हता. शिकणारा मुलगा घाबरला की ती ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात ती स्वतःशी बोलल्यासारखी बोलत होती.

"मी तुमच्या शेजारी बसून शिकले. नंतर लोकांच्या शेजारी बसून शिकवत आले. माझा पाय कायम दुसऱ्याच्या गाडीवर आणि दुसऱ्या कुणाचा तरी माझ्या. घरच्या गाडीतसुद्धा. मला एकच गाडी अशी हवी आहे अप्पा, जी माझ्याशिवाय कुणी थांबवणार नाही."

"म्हणजे आमच्यावर भरवसा नाही?" धाकटा म्हणाला.

"प्रश्न तो नाहीच आहे," डोस म्हणाली. "आपला ताईंवर आहे का, हा आहे."

चष्मेवाले पुढे आले. बायकोची नजर चुकवत आठवडा काढलेला माणूस, पण आता ते सरळ तिच्याकडे बघत होते. "मी मघाशी बोललो ते मागे घेतो. मी डोळे मिटून बसेन. दुकानात लोकांना हेच सांगतो, डोळ्यांना विश्रांती द्या."

अप्पा गुडघ्यांवरच होते. पोरीवर भरवसा नाही असं त्यांच्या मनातही नव्हतं. आपण शिकवलेल्या सगळ्यांत ही चांगली चालवते, हे त्यांना ती विशीत असतानाच कळलं होतं. सांगायचं राहून गेलं होतं. आधी डोक्यात हवा जाईल म्हणून, आणि पुढे, इतक्या वर्षांनी कसं सांगायचं म्हणून. त्याऐवजी ते तिच्या प्रत्येक गाडीला पेडल बसवत गेले. त्यांना तेवढंच देता येत होतं. आज तर त्यांनी स्वतःकडची सगळ्यांत जपलेली वस्तू आणली होती.

त्यांनी पत्र्यावरची खडूची खूण अंगठ्यानं पुसली. नीट पुसली गेली नाही म्हणून फडकं घेऊन पुसली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण मग मी तुझ्या शेजारी बसणार कसा?"

पेडल नको म्हणताना ताईनं सगळ्यांचा विचार केला होता, हाच एक राहिला होता. ब्रेक नसलेल्या सीटवर अप्पा बसत नाहीत. म्हणजे ही गाडी तिची होणार, ती एकटीची. संध्याकाळी डॉक्टरांना हो म्हणायचं तर त्याची ही बाजू होती, आणि ती तिला एकदम फार जड वाटली.

"बसून बघा ना एकदा," ती म्हणाली. "नाही जमलं तर मी परत करते गाडी. खरंच करते."

"अहो ताई!" डोस म्हणाली.

"खरंच करते."

*

अप्पांना आत बसवायला दोघांचे हात लागले. बसल्यावर त्यांनी पट्टा लावला, आरसा बघितला, तो आपल्यासाठी नाही हे लक्षात आल्यावर मान वळवली.

"चल," ते म्हणाले. "हळू."

हळू हा त्यांचा आवडता शब्द. स्कूलच्या पाटीवर तो नव्हता इतकंच.

फाटकातून बाहेर पडताना पहिला आवाज आला. ठण्. गालिचा भिंतीवर वाळत होता, त्यामुळे अप्पांचा बूट थेट पत्र्यावर आपटला होता. कोपऱ्यावर पुन्हा ठण्. अंगणात उभ्या असलेल्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. गल्लीच्या टोकापर्यंत ठण् ठण् ऐकू येत राहिलं.

"गाडी गेली परत," धाकटा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कारभारी सूर अजिबात नव्हता. "चांगली होती रे गाडी."

गाडीत ताई जितकं जपून चालवता येईल तितकं जपून चालवत होती. परीक्षेतसुद्धा तिनं असं चालवलं नव्हतं. तरी म्हातारं माणूस रस्ता ओलांडतंय, ठण्. दूरवर कुत्रं बसलंय, ठण्. गावाबाहेरचा सरळ रस्ता लागला. दोन्ही बाजूंना शेतं, समोर चिटपाखरू नाही. ठण्.

"रस्ता रिकामा आहे, अप्पा."

"मला दिसतंय. पायाला कळत नाहीये."

ते खजील झाले होते. ताईनं त्यांना असं कधी बघितलं नव्हतं आणि तिला आपलाच राग आला. कुठल्या गाडीसाठी आपण या माणसाला या सीटवर आणून बसवलं, असं वाटलं. तिनं मनातल्या मनात गाडी परत केली. वळायला जागा शोधू लागली.

"थांबव जरा," अप्पा म्हणाले.

तिनं कडेला घेतली. अप्पा वाकले, बऱ्याच वेळानं उजव्या बुटाची नाडी सुटली. त्या बुटाचा तळ डाव्यापेक्षा नेहमीच जास्त झिजलेला असायचा, मोची त्यावरून त्यांची थट्टा करायचा. त्यांनी तो बूट काढला, मग डावाही काढला, आणि दोन्ही सीटच्या मागे टाकले. मग कण्हत, कुंथत, दाराला धरून त्यांनी एकेक पाय वर घेतला आणि त्या अरुंद सीटवर चक्क मांडी घातली.

"अप्पा, काय करताय?"

"पाय वर घेतले की खाली जायचा प्रश्नच नाही. जा आता."

ताईला हसू आलं आणि डोळेही भरले, म्हणून तिनं समोर बघत गियर टाकला. पहिला, दुसरा. गाडीनं वेग घेतला. अप्पांचा उजवा गुडघा एकदा उडाला, पुन्हा उडाला, मग त्यांनी त्यावर हात ठेवला. तिसरा. ताईनं तिसऱ्यावरच ठेवली. जास्त नको, आज इतकंच पुष्कळ झालं. शेजारून काहीच आवाज येईना, म्हणून तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं.

अप्पांनी डोळे मिटले होते. चालत्या गाडीत, शेजारच्या सीटवर, तिनं त्यांचे मिटलेले डोळे जन्मात बघितले नव्हते. वाऱ्यानं पांढरे केस उडत होते आणि चेहरा अगदी निवांत होता.

"झोपलात?"

"इंजिन मागतंय," डोळे न उघडता ते म्हणाले. "चौथा टाक."

"वेग वाढेल, अप्पा."

"वाढू दे. तू चालवतेयस ना?"

ताईनं चौथा टाकला.